नोव्हेंबरच्या अंकाची मागची पानं

३ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, घरी न्या. म्हणजे त्यांच्या हातात काही उरलं नाही – एवढं मला कळतं. धाकटा भाऊ माझा, अठ्ठावन्नाचा. आधी नंबर माझा होता. रांगेत घुसायची सवय त्याला लहानपणापासूनचीच!

बाहेरच्या बाकावर भाची, त्याची मुलगी, म्हणाली, "आत्या, बाबांचा तो कम्प्युटरचा प्रोग्राम मासिकात छापून आला होता ना, तो अंक त्यांच्या हातात द्यायचाय मला. ते आहेत तोवर. नेटवर शोधून थकले. मासिक कधीच बंद पडलंय, जुने अंक कोणी चढवलेलेच नाहीत. तू लायब्ररीत होतीस, तुलाच सापडेल."

हो म्हटलं. त्या अंकाचं काय झालं, ते मात्र सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

काय झालं, ते इथे तरी लिहावं.

चौतीस वर्षं झाली. चांगली नोकरी सोडून भाऊ कम्प्युटरच्या नादी लागला होता आणि वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आठ महिने एका टेबलावर जेवायचे, एक शब्द नाही. मीठसुद्धा माझ्यामार्फत मागायचे. मग जानेवारीत एका संध्याकाळी हा घरी आला आणि दारातूनच म्हणाला – कम्प्युटर इंजिनीअरांच्या त्या मोठ्या मासिकात माझा प्रोग्राम छापून आलाय, मलाही आजच कळलं, नोव्हेंबरचा अंक, अगदी मागच्या पानांवर, वाचकांच्या सदरात. वडील उठले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. नंतर मरेपर्यंत गल्लीभर सांगत फिरले.

ते मासिक घरोघरी येणारं नव्हे. गावात एकच प्रत यायची, आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत. आणि त्या लायब्ररीची बाइंडर मी! वर्ष संपलं की बारा अंक एका पुठ्ठ्यात बांधायचे. फार जाड होतं, म्हणून मुखपृष्ठं, जाहिराती आणि मागची वाचकांची पानं काढून टाकायची. नियमच होता तसा. भावाने सांगितलं तेव्हा तो खंड शिवून, खळ वाळून, कपाटात गेला होता.

वडिलांना म्हटलं, अंक कोणीतरी पळवला. भावाला मात्र खरं सांगितलं, रडत रडत. तो म्हणाला, "जाऊ दे ताई. कोणाला बोलू नकोस." एवढंच. एकदाही टोचून बोलला नाही. तेव्हापासून मी त्याच्यासमोर जराशी वाकूनच वावरते.

७ फेब्रुवारी, शनिवार

लायब्ररीत गेले. माझी कपाटं होती तिथे आता मोबाइल चार्ज करायची टेबलं आहेत. नवी ग्रंथपाल पोरसवदा, गोड बोलणारी. "छापील मासिक आता एकही येत नाही, मावशी. जुने खंड चार वर्षांपूर्वीच काढून टाकले. कोणी हात लावत नव्हतं."

माझ्या हातचे तीनशे खंड. दाभणाने बोटं सोलवटून शिवलेले. म्हटलं, "बरं केलंत, धूळ फार खायचे." घरी येऊन मात्र रडले.

तिनेच एक पत्ता दिला. कम्प्युटरचे एक निवृत्त प्राध्यापक, अलीकडेच इथे राहायला आलेत. असली मासिकं स्वतः वर्गणी भरून घ्यायचे. "त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नाही म्हणतात," म्हणाली.

९ फेब्रुवारी, सोमवार

भावाचा आवाज आता जेमतेम उरलाय. विचारलं त्याने, कुठे भटकतेस? सांगितलं. त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "राहू दे ताई. नको शोधूस."

अजून मलाच जपतोय! अंक सापडला तर मी फाडलेलं पुन्हा निघेल, म्हणून. भावजय पेज भरवत होती, तिच्यासमोर मला काही बोलता येईना. आता तर शोधणारच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्राध्यापकांचा फोन. "या. त्या वर्षाचे सगळे अंक आहेत. चहा मात्र तुम्हाला करावा लागेल, माझे हात थरथरतात."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पलंगाखाली मासिकं, पलंगावर मासिकं, न्हाणीघराच्या माळ्यावरसुद्धा. म्हाताऱ्याला झोपायला खुर्ची. "बायको होती तेव्हा एवढी नव्हती," म्हणाले, "ती गेल्यावर यांनी घर बळकावलं."

नोव्हेंबरचा अंक दोन मिनिटांत काढून दिला. मुखपृष्ठासकट, जाहिरातींसकट. जन्मभर ही मासिकं हाताळली, पण अख्खा अंक इतक्या निवांतपणे कधी पाहिला नव्हता. मागची पानं उघडली. वाचकांचं सदर. सहा पत्रं, दोन प्रोग्राम. भावाचं नाव नाही.

ऑक्टोबर. डिसेंबर. मग बाराही अंक. मग मागचं वर्ष, पुढचं वर्ष. चहा गार झाला. नाही.

प्राध्यापक चष्म्यावरून बघत होते. "बाई, हे सदर मी दर महिन्याला आधी वाचायचो. आपल्याकडच्या कोणाचं आलं असतं तर मी त्याला शोधत त्याच्या घरी गेलो असतो."

मला आमचं ते जेवणाचं टेबल आठवलं. रोज रात्री जेवताना मी कामाच्या गप्पा मारायची. कुठली पानं ठेवतो, कुठली फाडतो. ऐकायला दोघंच, वडील आणि तो. वडिलांचं लक्ष नसायचं. त्याचं असायचं. म्हणून मागची पानं. गावात जी पानं उरलीच नव्हती, तीच त्याने सांगितली.

आधी संताप आला. चौतीस वर्षं मी काय ओझं वाहिलं! तोंडावर जाऊन विचारावं असं वाटलं. मग वडिलांचा तो हात आठवला, त्याच्या पाठीवरचा. आठ महिन्यांनी ठेवलेला. त्यासाठी मीही खोटं बोलले असते. पंचविशीचासुद्धा नव्हता तो.

अंक तिथेच ठेवून आले. प्राध्यापक म्हणाले, न्या की. नको म्हटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

सगळे त्याच्या खाटेभोवती होतो. भाचीने विचारलं, "आत्या, मिळाला?"

म्हटलं, "नाही. आता कुठेच मिळायचा नाही. गावात एकच प्रत होती, आणि तुझ्या बाबांचं पान मीच फाडून टाकलं होतं. बांधणी करताना. आजवर लपवलं."

भाची उठून आत गेली. भावजयीने तोंड फिरवलं.

भावाने डोळे उघडले होते. ओठ हलायला लागले. मी पांघरूण त्याच्या हनुवटीपर्यंत ओढलं आणि म्हटलं, "बोलू नकोस. दम लागतो तुला."