बावीस वाव

१३ डिसेंबर १९०१

काल तातांग, माझे वडील, गेले, आज पुरलं. खड्डा मीच मापून दिला. आई रडली नाही. म्हणाली, "चाळीस दिवस ते घरातच असणार. दिवा विझू द्यायचा नाही." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. वाद घातला नाही, एवढंच.

१५ डिसेंबर

अमेरिकन लेफ्टनंटने बोलावलं. डोंगरात अमेरिकनांशी लढणाऱ्या आमच्या माणसांना कुणी भात पोचवू नये म्हणून नाताळपर्यंत सगळ्यांनी गावात यायचं. गावाभोवती रेघ आखायची, तिच्याबाहेरची घरं जाळणार. नंतर बाहेर दिसेल त्याला गोळी. "आम्ही तुम्हाला सोडवायलाच आलो आहोत," हेही म्हणाला.

रेघ मी आखायची—चर्चच्या दारापासून चहूकडे तीनशे वाव, वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी. त्यांचा माणूस पावलं टाकून मोजत होता. पावलं! मी दोरी भिजवली, ताणली, वाळवली, मग मापली. स्पॅनिश होते तेव्हाही मीच मोजत असे. पाद्र्याने टाकलेल्या फाटक्या पुस्तकावरून भूमिती शिकलो. गुरू कुणी नाही.

१७ डिसेंबर

चौसष्ट खांब रोवले, चुना लावून. कुठे वीतभर चूक नाही. आमची मालिनाव वाडी मात्र बाहेर राहिली, एकवीसच्या एकवीस घरं. सगळ्यांत टोकाचं आमचं—रेघेपासून बावीस वाव.

लेफ्टनंट म्हणाला, "तू मोजलंस म्हणजे मोजलं. मी तपासणार नाही."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२२ डिसेंबर

आज घर अख्खं उचलून रेघेच्या आत हलवलं. खाली बांबू घातले, सोळा खांदे. घराचं वजन मी आधीच काढलं होतं, सोळा पुरेत. पण घर उठेना!

शेजारचा सेवेरो ओरडला, "तोरिबियो, हिशेबात बाप धरलास का? म्हातारा आत पाय पसरून बसलाय!"

सगळे हसले. आई हसली नाही. दारात वाकून हळूच म्हणाली, "अहो, चला. पोरांचे खांदे दुखतात."

उठलं. बांबू नीट बसले असतील.

आईला जुन्या जागेवरून अक्षरशः ओढून आणावं लागलं. "मध्येच उतरले असतील तर? परत येऊन घर कुठे शोधतील?"

२४ डिसेंबर

आणखी एकच घर हलवता आलं. तरणे पुरुष डोंगरात, उरलेल्यांचे खांदे सोललेले. सेवेरो म्हणाला, "माझं राहू दे. खांबांना वाळवी आहे, वाटेत सांडेल."

२६ डिसेंबर

एकोणीस घरं. दुपारभर राख उडत होती, भातात पडली. मी नुसतं मोजलं. आखा म्हणणारे ते, जाळणारे ते.

९ जानेवारी

गावात पाय ठेवायला जागा नाही. विहीर गढूळ. ताप. मालिनावचे सात जण गेले. आज सेवेरो.

१५ जानेवारी

आई रोज रेघेपाशी जाऊन उभी राहते. विसाव्या तारखेला चाळिसावा दिवस. म्हणते, त्या दिवशी जुन्या जागेवर जाऊन निरोप देणार.

"गोळी घालतील, आई."

"घालू दे. नवऱ्याला रस्त्यात सोडून मी इथे जेवत बसू?"

ती जाणार. मी ओळखतो तिला.

१८ जानेवारी

चुना नव्याने लावतो म्हणून सांगितलं. भर दुपारी, सगळ्यांसमोर, मालिनावच्या बाजूचे सात खांब उपटले आणि बावीस वाव पुढे रोवले. वर आणखी एक वाव, आई चार पावलं इकडेतिकडे करील म्हणून. पहारेकऱ्याने एक खांब धरून दिला! लेफ्टनंटने लांबूनच हात केला. तपासलं नाही.

वहीत मात्र तीनशेच लिहिलं. आयुष्यातलं पहिलं खोटं माप.

२० जानेवारी

आई गेली. तासभराने आली, सुखरूप. पहारेकऱ्याने मानही वळवली नाही.

"भेटले का?" विचारलं. मी विचारलं!

"ते नव्हते रे. घराबरोबरच आले असणार. बाकीचे होते. महिन्यात गेलेले सगळे, आपापल्या राखेत उभे. सेवेरोसुद्धा." कपड्याच्या टोकाने पाय पुसत म्हणाली, "तुलाच विचारत होते. खांब हलत होते, तर तेव्हा का नाही हलवलेस?"