मी फक्त पोचवणारी

सोमवार, ४ मार्च

निवडून आले! हसावं की रडावं कळत नाही. हरणार म्हणूनच तर उभी राहिले होते!

चिटणीस गळ्यात पडला होता — "ताई, पक्षाला माणूसच मिळत नाही, नुसतं नाव द्या." दिलं. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाच्या उमेदवाराला, प्रोफेसरलाच मत देईन अशी सहीही दिली. आणि आज दुकानात शेजारच्या आजी चष्मा काढून विचारतात, "म्हणजे तू राष्ट्राध्यक्ष झालीस?" नाही हो आजी! लोक आम्हा प्रतिनिधींना निवडतात, मतपत्रिकेवर नावंही आमचीच. मग आम्ही राजधानीत जाऊन राष्ट्राध्यक्ष निवडायचा. "एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?" म्हणाल्या. मला काय ठाऊक? मी चष्म्याच्या फ्रेम बसवते.

पण एक कोडं सुटत नाही. प्रोफेसर म्हणतो, कागद गिरणी बंद करा, नदी वाचवा. मला ते पटतं. पण आमची वस्ती गिरणीवर जगते! माझ्यासमोर बाईंच्या, म्हणजे प्रोफेसरविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवाराच्या, पक्षाचा कंत्राटदार होता, त्याला कुणी दारात उभं करत नाही, हे खरं. तरीसुद्धा मला मतं?

मंगळवार, ५ मार्च

गिरणीतले दोघे-तिघे दुकानात डोकावून गेले. "आता सगळं तुमच्यावर, ताई." टोमणाच असणार. मी चष्मे पुसत बसले.

शनिवार, ९ मार्च

देशभरात अटीतटीचं झालंय. प्रोफेसरचे प्रतिनिधी आणि बाईंचे जवळजवळ सारखेच. एकेक मत मोलाचं म्हणे. माझंसुद्धा! वैताग नुसता.

संध्याकाळी दादा वरून खाली आला. वरच्या मजल्यावर त्याचं बिऱ्हाड, खाली मी एकटी. एरवी हाका मारत येतो, आज गुपचूप. म्हणाला, "गिरणीला कुलूप लागलं तर या वयात मला कोण कामावर घेणार?"

मी म्हटलं, "दादा, लोकांनी प्रोफेसरला निवडलंय. मी फक्त त्यांचं मत पोचवणारी."

"लोकांनी?" म्हणाला. चहा तसाच टाकून वर गेला.

सोमवार, ११ मार्च

डोकं उठलंय. आज काही लिहीत नाही.

गुरुवार, १४ मार्च

चिटणीस पुन्हा येऊन गेला. "शब्द म्हणजे शब्द, ताई!" अरे हो बाबा! कायदा काही मला बांधत नाही. मतदान गुप्त. सही आहे ती पक्षाच्या कागदावर. ठरवलं तर बाईंचं नाव लिहून येईन, कुणाला पत्ता लागणार नाही. म्हणूनच तर जीव जातोय.

बाबा गेले तेव्हा दादानं शाळा सोडली आणि गिरणीत लागला. माझी शाळा सुटू नये म्हणून. त्याच माणसाच्या पोटावर पाय द्यायचा? पण ज्यांनी विश्वासानं प्रोफेसरच्या बाजूनं शिक्का मारला, त्यांच्या तोंडाला पानं पुसायची? त्यांतलं कोणी माझ्या ओळखीचंही नाही. निदान मला तरी कुणी भेटलेलं नाही.

मला कुणी विचारूच नये असं वाटतं. दमले.

सोमवार, १८ मार्च

राजधानी. मोठ्ठं सभागृह, खुर्च्या मात्र टोचणाऱ्या. शेजारचे गृहस्थ, पेशानं पशुवैद्य, सारखे घाम पुसत होते. "तुम्ही ठरवलंय?" विचारलं. मी म्हटलं, ठरवायचं काय त्यात? किती सहज म्हटलं!

आडोशामागे गेले आणि पेन उचलवेना. दादाचा चेहरा समोरून हलेना. शेवटी मनाला बजावलं — हे मत तुझं नव्हेच. ज्यांचं आहे त्यांना देऊन टाक आणि घरी जा.

प्रोफेसरचं नाव लिहिलं.

प्रोफेसर जिंकला. एका मतानं!! चिटणीस नाचत होता. मला टाळ्यासुद्धा वाजवता आल्या नाहीत.

बुधवार, २० मार्च

घरी आले. वरचं दार बंद. दादा जिन्यात भेटला, भिंतीला सरकून मला वाट दिली. परक्या बाईला देतात तशी.

गिरणीची माणसं काही बोलत नाहीत. मान खाली घालून जातात. अरे, शिव्या द्या की! मी तयार आहे.

शुक्रवार, २२ मार्च

दुपारी वहिनी आली. तिला बघून मीच सुरू झाले — वहिनी, वस्तीनंच निवडलं ना त्याला, मी काय करणार?

ती खाली बसली. मग म्हणाली, "वन्सं, वस्तीत त्याला कोण मत देणार होतं? सगळ्यांनी तुमच्या नावावर शिक्का मारला. ह्यांनीच घरोघर जाऊन सांगितलं होतं — माझी बहीण आहे, तिला पाठवू या, ती आपल्याला उघड्यावर टाकणार नाही."