तीन बोटं लांब बाही

काकी, स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा तीन बोटं लांब झाली आहे आणि उद्या सकाळी तो मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवायचा आहे. शुक्रवारी शाळेतून आल्यावर दोन्ही बाह्या चटईवर एकीवर एक ठेवल्या तेव्हा कळलं. आधी वाटलं, मीच एक ताणून ठेवली असेल. उचलून परत ठेवल्या. मग बोटं लावली, मग दोरा लावला, मग दोऱ्यावरही विश्वास बसेना म्हणून शेजारून फूटपट्टी मागून आणली. तीन बोटंच. आज रविवार आहे. जेवण झालंय, भांडी घासून पालथी घातली आहेत, आणि सुया हातात घ्यायच्या सोडून मी तुला लिहीत बसले आहे. तू जाऊन अकरा वर्षं झाली.

तुला इथलं काही माहीत नाही, म्हणून सांगते. मी नंदुरबारला मुलींच्या शाळेत आहे. पक्की नाही, तीन महिन्यांच्या बोलीवर. शिवण-विणकामाचे तास घेते. तास संपला की मुलींच्या सुया तीनदा मोजते. मुली हसतात, पण मी मोजते. मोठ्या बाई पुण्याकडच्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "विणकाम कुठं शिकलात?" मी म्हटलं, "घरी. लोणखेड्याला, काकीकडे." "आणि अक्षरओळख?" "तीही काकीकडेच. गावात मुलींची शाळा नव्हती."  त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे विणकामाचं प्रमाणपत्र नाही, हे मी समितीला सांगितलंय. तेव्हा कामच दाखवा. मोठ्या माणसाचा एक पूर्ण स्वेटर. गळा बसलेला हवा, दोन्ही बाह्या सारख्या हव्यात. मुलींना तुम्ही तेच शिकवणार." तो स्वेटर पसंत पडला तर मी राहीन. नाही पडला तर लोणखेड्याला परत. आणि परत गेले की काय होईल ते तुला सांगायला नको. दादांनी एक स्थळ थांबवून धरलंय, नुसतं थांबवून.

लढाईमुळे लोकर मिळत नाही. सुरतेला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकरवी चार लडी आणवल्या, करड्या रंगाच्या. पाठ आणि पुढचा भाग बरोबर झाले. गळाही बसला. उजवी बाही मी घरी, या खोलीत विणली, तुझ्या रीतीने. चिंचोक्यांची वाटी डाव्या गुडघ्याशी, रिकामी वाटी उजव्या. एक ओळ जायची, एक यायची, अशी जोडी पुरी झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मनगटापासून वर दर चौथ्या जोडीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा, असं नऊ वेळा. चार चिंचोके झाले, टाके वाढवले, चिंचोके परत पहिल्या वाटीत. यात चूक व्हायला जागाच नाही. तरी मी दर जोडीला थांबून स्वतःला विचारत होते, चिंचोका टाकला का? आत्ता टाकला तो या जोडीचा की मागच्या?

तू मला हे शिकवलंस तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. मागच्या ओट्यावर ऊन आलेलं आहे, तू भिंतीला टेकून बसली आहेस, आणि मी पहिली ओळ विणून मोठ्याने म्हणते, "एक." तू माझं मनगट धरतेस. "एक नही वं. लाभ म्हन." "का बरं?" "खळावर तुन्हा दादा ज्वारी मापतस तव्हय पह्यली पायलीले काय म्हनतस?" "लाभ." "मंग? लाभ, दोन, तीन. लाभ म्हनं का रास सरस नही." मी म्हटलं, "पण ही ज्वारी थोडी शे, काकी." तू म्हणालीस, "लोकर तं ज्वारीथून महाग शे." आणि स्वतःच हसलीस. त्या दिवसापासून माझ्या हाताला पहिली जोडी लाभ म्हणूनच कळते. एक म्हटलं की हात अडतो.

डावी बाही मात्र मी शाळेत विणली. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, मुलींसमोर बसून विणत जा, त्यांना हात दिसू द्या. पहिल्या दिवशी मी वाट्या घेऊन गेले. बाई वर्गात आल्या, वाटीत बोट घातलं आणि म्हणाल्या, "हे काय? चिंचोके? अहो बाई, मुली खेळायला लागतील. तोंडी मोजा की." पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, आपण भाजून खाऊ या का?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून वाट्या नेल्या नाहीत. तोंडी मोजायला लागले, तर पहिल्याच जोडीला ओठांवर आलं, लाभ. मुली ऐकतील म्हणून ते गिळलं. मनात लाभ म्हटलं, आणि पुढची जोडी झाली की शाळेत शोभेल असं, ऐकू येईल असं म्हटलं, एक. मग दोन, तीन, चार. चारला टाके वाढवले. म्हणजे माझे चार तुझे पाच झाले. असं नऊ वेळा. शुक्रवारी दोन्ही बाह्यांच्या जोड्या सुईच्या टोकाने मोजल्या, तर डावीत बरोबर नऊ जास्त निघाल्या. तेव्हा उमगलं. 

काकांच्या स्वेटरच्या वेळची गोष्ट तुला आठवत असेल. पाठ विणायला तू मला बसवलं होतंस आणि बाहेर मुली लंगडी खेळत होत्या. मी दोन चिंचोके उगीचच पलीकडच्या वाटीत टाकले, दोन जोड्या न विणता. पुन्हा दोन, आणि असं दुपारभर. मुंढ्याचे टाके कमी करायची वेळ लवकर आली. काका शेतातून आले तशी तू ती पाठ त्यांच्या पाठीला लावलीस आणि मला बोलावलंस. "काय वं, तुन्हा काकाना खांदा आठे शे का?" तुझं बोट काकांच्या कोपराच्या जरा वर होतं. काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी वाकी चालसू." मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तू रागावली नाहीस. लोकरीचं टोक माझ्या हातात दिलंस, म्हणालीस, "धर, पय." मी अंगणभर पळत गेले आणि मागे सगळी पाठ सुटत आली. नंतर गुंडा गुंडाळताना तू एवढंच म्हणालीस, "चुकनी ते चुकनी. पन चिंचोकाले खोटं बोलाले लाऊ नको."

म्हणून काल जे झालं ते तुला सांगणं भाग आहे. काल शनिवारी शाळा सुटताना मोठ्या बाईंनी दारात विचारलं, "बाह्या झाल्या?" मी म्हटलं, "झाल्या." "जुळल्या?" मी म्हटलं, "हो." काकी, तेव्हा मी मापलेलं होतं. मला माहीत होतं. असं नाही की घाईत निघून गेलं तोंडातून. त्यांच्या मागे समितीचे एक गृहस्थ उभे होते, आणि बाई त्यांना सांगत होत्या, "घरी शिकलेल्या आहेत, पण हात स्वच्छ आहे." त्या वाक्यानंतर मला नाही म्हणता आलं नाही.

मी जिच्याकडे राहते ती शेठाणीबाई मघाशी ताक घेऊन आली होती. बाह्या चटईवर बघून तिच्या लगेच लक्षात आलं. म्हणाली, "इतना काई सोचते हो बाई? छोटी को गीली करके खींच लो. लोकर है, लंबी हो जायेगी. कौन फीता लगाके देखेगा?" ती गेल्यावर मी बादलीत पाणी घेतलं. मग तसंच ओतून दिलं. ताणलेली लोकर वाळली की पुन्हा आखडते, हे तूच सांगितलं होतंस, नाहीतर ओतलं असतं की नाही, सांगता येत नाही.

आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या शेवटच्या हिवाळ्यात तू माझ्यासाठी लाल स्वेटर विणत होतीस. ताप उतरत नव्हता. बाजेवर उशीला टेकून बसायचीस, चिंचोके गोधडीत सांडायचे आणि तुला ते दिसायचे नाहीत. मी गोळा करून वाटीत घालायचे, पण कोणत्या वाटीत ते मलाही कळायचं नाही. एक बाही झाली. दुसरी झाली. तू दोन्ही माझ्या हातात दिल्यास. "मोज वं. बराबर शे ना?" मी मोजल्या. बरोबर नव्हत्या. बऱ्याच कमी-जास्त होत्या. मी म्हटलं, "बराबर शे, काकी." तू डोळे मिटून घेतलेस, "मंग शिवी टाक," म्हणालीस. मी शिवला. खरं सांगितलं असतं तर तू तेव्हाच टोक ओढून उसवलं असतंस, आणि परत विणायला तुझ्याकडे दिवस नव्हते. हे तेरा वर्षांच्या मलाही दिसत होतं. तो स्वेटर मी तीन हिवाळे एक बाही दुमडून घातला. आई विचारायची, "एकच हातले थंडी वाजस का वं तुले?" मी म्हणायचे, "हा."

त्या "बराबर शे"चा मला आजवर घोर होता. तुझ्याशी खोटं बोलले, तेही तूच शिकवलेल्या मोजणीबद्दल. आज पहिल्यांदा ते खोटं आणि कालचं खोटं शेजारी ठेवून पाहिलं. तेव्हा मी भ्याले ते तुझ्यासाठी. काल भ्याले ते माझ्यासाठी, दुसरं काही नाही. ती बाही तशीच राहायला हवी होती. ही राहू नये.

एवढं लिहून मी उठले आणि डावी बाही वरून उसवायला घेतली. मनगटाच्या पट्टीपर्यंत आले आहे. पहिली चूक तिथेच आहे, म्हणजे काहीच वाचलं नाही. लोकर कुरळी होऊन मांडीवर पडली आहे. लडी करून, धुऊन, वजन लावून वाळवल्याशिवाय सरळ होणार नाही, आणि त्याशिवाय विणली तर टाके वेडेवाकडे दिसतील. चार दिवस तरी लागतील. उद्या मी एका बाहीचा स्वेटर घेऊन जाणार. त्यापेक्षा आजच, ऊन उतरलं की मोठ्या बाईंच्या घरी जाऊन सांगते. शनिवारी जुळल्या म्हटलं ते खोटं होतं, हेही सांगते. हे वाक्य मी इथे मोठ्याने दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी आवाज कमी कापला. त्या काय म्हणतील, माहीत नाही. दादांचं ते स्थळ अजून थांबलेलं आहे.

हा कागद कुठे टाकायचा तेही माहीत नाही. तुला पोचायचा नाही, म्हणून यात खोटं लिहून उपयोग नाही. बाईंनी विचारलं, चूक कशी झाली, तर मी म्हणेन, मोजण्यात घोटाळा झाला. लाभचं सांगणार नाही. त्याची मला अजून लाज वाटते, काकी.