बाईंच्या नावाची पट्टी

प्रिय दादा,

मी मजेत आहे. आईला सांग, जेवणाची आबाळ नाही.

काल आमच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. राबणारे सगळे हौशी स्वयंसेवक, त्यांची काळजी घ्यायचं काम माझं. त्यांच्यातल्याच निवृत्त ग्रंथपालबाईंनी दोनशे जणांच्या छातीवर लावायच्या नावाच्या पट्ट्या लिहिल्या, स्वतःची राहिली. माझ्याही ध्यानात आलं नाही. लोक त्यांना हॉलवरच्या कामवाल्या समजून पाणी मागत होते, आणि त्या मुकाट्याने आणून देत होत्या. मग मीच त्यांची पट्टी लिहिली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाणी वाटलं.

घरी येऊन माझ्या लग्नाचा अल्बम उघडला. दिवसभर तूच धावत होतास, पण एकाही फोटोत नाहीस.

पाठ कशी आहे? तुझा एक फोटो पाठव. बसलेला.

तुझीच,
धाकटी