बाबा, तुमचं नाटक आणि सबनीसकाकांचा नारळ

प्रिय बाबा,

काल अल्बनीच्या हॉलमध्ये तुमचं नाटक झालं! तुम्ही जाऊन वर्ष होत आलं, पण हे तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले.

आठवतात गॅरेजमधल्या तालमी? अठराव्या शतकातला युरोप, तुरुंगाची कोठडी, आत एक बिशप, एक मौलवी आणि देव न मानणारा तत्त्वज्ञ. कडाक्याची थंडी आणि पांघरूण एकच! इथे परदेशात मुलांकडे राहायला आलेले बाकीचे आजोबा परसात मेथी लावत होते, आणि तुम्ही शेजारच्या युसुफभाईंना बिशप करत होतात. फिजीचा माणूस, पण मराठी घोटून घेतलंत त्याच्याकडून.

आणि तुमचा तो नियम! नाटकाआधी पूजा नाही, नारळ नाही. "हे विवेकाचं नाटक आहे," म्हणायचात. मीही तो पाळायचं ठरवलं. तर ऐन वेळी सबनीसकाका अडून बसले. "नारळ फोडल्याशिवाय मी स्टेजवर पाऊल ठेवणार नाही." आणि त्यांचं काम कोणतं? त्याच देव न मानणाऱ्या तत्त्वज्ञाचं!

मी नाहीच म्हणत राहिले. मुलगी कोणाची? बाहेर हॉल भरलेला, आणि प्रयोग रद्द होतोय की काय अशी वेळ आली.

शेवटी आई म्हणाली, "अगं, तिघांना एका पांघरुणात घेतलं ना तुझ्या बाबांनी? मग सबनीसांनाच का बाहेर कुडकुडत ठेवतेस?" बाबा, हे तुम्हाला का नाही सुचलं हो?

मी हो म्हटलं. पण हॉलच्या लाकडी जमिनीवर नारळ आपटणार कसा? बिशपचा झगा सावरत युसुफभाई पुढे आले. "लाओ, हम फोडेगा. स्वीट ॲज, एकदम मस्त!" कार पार्कमध्ये सुरी उलटी धरून त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि नारळाची दोन भकलं केली. सबनीसकाकांनी हात जोडले. तिसरी घंटा झाली!

काय रंगलं म्हणून सांगू! शेवटी तिघं त्या पांघरुणात शिरले तेव्हा लोक हसता हसता रडत होते. मी तर विंगेत हमसून रडले. तुम्ही हवे होतात, बाबा.

नंतर पहिल्या रांगेत तुमच्यासाठी राखलेल्या रिकाम्या खुर्चीवर मी खोबऱ्याचा तुकडा ठेवला, आणि मन चुकचुकलं. "आई, बाबा रागावले असते का गं?"

"छे! ते नारळाला नाही म्हणायचे. खोबऱ्याला कधी म्हणाले?"

आता पुढचा प्रयोग टौरंगा शहरात आहे. नारळ फुटणारच, बाबा. पण शब्द देते, पहिला तुकडा तुमचा.

तुमची हट्टी,
मुक्ता