प्रेशर सोळा, सर

३ फेब्रुवारी, सोमवार

— नाही, मी ओव्हररिॲक्ट करत नाहीये! पप्पांच्या डोळ्यातलं प्रेशर सोळा होतं, मान्य. दरवेळी सोळाच्या आसपास. पण कॉर्निया किती जाड आहे ते कोणी मोजलं? आज पप्पांना धुळ्याला आमच्या हॉस्पिटलात आणलं आणि मी स्वतः मोजला. चारशे बासष्ट मायक्रॉन! बहुतेकांचा पाचशेच्या वर असतो. पातळ कॉर्निया मशीनला पटकन दबतो, म्हणून आकडा कमी येतो. आतलं खरं प्रेशर जास्त असू शकतं. हे आम्हाला ऑप्टोमेट्रीच्या सेकंड इयरला शिकवतात. आणि जळगावचे डोळ्यांचे डॉक्टर प्रेमराज सर वर्षानुवर्षं पप्पांना सांगत राहिले — "सोळा आहे देवचंद, काचबिंदू नाही. मजा कर."

नसेचं तर अजून भारी. सारिका मॅडमनी दाखवलं (माझी इंटर्नशिप त्यांच्याकडे आहे, इथला काचबिंदू त्याच बघतात). नस डोळ्यातून बाहेर पडते ती गोल जागा म्हणजे डिस्क, तिच्या मधे खड्डा. पप्पांचा खड्डा डिस्कच्या अर्धा. कोणीही म्हणेल, ठीक आहे की! पण पप्पांची डिस्कच छोटी आहे. पप्पांची शाळेची व्हॅन घे ना. छोट्या व्हॅनमधे पोरं (म्हणजे नसेचे धागे) कोंबून बसतात, मधे जागा उरत नाही. उरली तर समजायचं, पोरं कमी झालीत. तेवढीच पोरं मोठ्या बसमधे बसवली तर मधे मोकळं दिसणारच. म्हणजे नुसता खड्डा बघून काही कळत नाही. खड्डा, डिस्कची साइज, नसेच्या थराची जाडी, कॉर्निया — सगळं एकमेकांना लावून बघायचं. किती सुंदर आहे हे! आणि किती वाईट.

थर वरच्या बाजूला पातळ, म्हणून पप्पांना खालचं दिसत नाही (डोळ्यात चित्र उलटं पडतं). म्हणून घराजवळ, मेहरूणला, व्हॅन रस्त्यात आडव्या पडलेल्या एका सायकलवर गेली. सायकलीवर कोणी नव्हतं. तरी आयांनी एकेक करून पोरं काढून घेतली. व्हॅन आता दारात उभी असते. पप्पा रोज पुसतात.

आणि मी विचारलं होतं! मागच्या वर्षी, सरांच्या भरलेल्या वेटिंगमधे — सर, कॉर्निया मोजायचा का? हसले. "बेटा, पुस्तक वेगळं, पेशंट वेगळा." बाकीचेही हसले.

ही डायरी मराठीत लिहितेय. इंग्लिशमधे राग नीट उतरत नाही.

५ फेब्रुवारी

प्रेमराज सर रविवारी इथे येतायत! धुळ्याच्या डॉक्टरांसमोर लेक्चर. विषय — काचबिंदू!!! देव आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रश्न तयार. लेक्चर संपलं की उभं राहायचं. नाव न घेता पप्पांचे आकडे सांगायचे, हळूहळू. मग — "सर, हा पेशंट नॉर्मल म्हणून परत पाठवणाऱ्या डॉक्टरला तुम्ही काय म्हणाल?" ते काहीतरी कडक बोलतील. मग मी सांगणार, ते डॉक्टर तुम्हीच.

बाथरूममधे आरशासमोर बोलून बघितलं. शेवंताबाई फरशी पुसत होत्या. "काय वं पोरी, कोनवर इतली तपेल शे?"

"कोणावर नाही, मावशी."

"मंग त्या आरसाले कसाले दम देई ऱ्हायनी?"

९ फेब्रुवारी, रविवार

प्रश्न विचारलाच नाही. त्याहून भारी झालं.

लेक्चरच्या आधी नवीन मशीनचा डेमो होता, चालवायला मी. सर स्वतःच येऊन बसले. मला ओळखलं नाही. "आधी माझाच डोळा घे बेटा. बघू तुमच्या मशीनला काय अक्कल आहे." बाकीचे डॉक्टर हसले आणि भरीत-पुरीकडे गेले. तिकडून फोडणीचा वास येत होता.

स्कॅन आला. मी परत एकदा बघितला.

छोटी डिस्क. खड्डा अर्ध्याहून थोडा मोठा. वरचा थर पातळ, मशीनने लाल दाखवलेला, म्हणजे धोक्याचा. कॉर्निया चारशे सत्तर. प्रेशर आधीच मोजलं होतं, तेही सोळा. पप्पाच! चष्मा नाही, डोळ्याची लांबीपण नॉर्मल — म्हणजे लांब डोळ्यामुळे मशीन फसलं असंही नाही. तेपण तपासलं मी.

सर हनुवटी पुसत उठले. "काय मग? सगळं ठीक?"

मी म्हटलं, "प्रेशर सोळा, सर."

"मग झालं तर! चला, भरीत गार होईल."

खोटं एक अक्षर बोलले नाही मी. रिपोर्ट सेव्ह केला, मशीन पुसलं. लेक्चर पहिल्या रांगेत बसून ऐकलं. टाळ्यापण वाजवल्या.

१० फेब्रुवारी

झोप मस्त लागली. त्यांना काही कळणार नाही. एका डोळ्याचं गेलेलं दुसरा डोळा भरून काढतो. मग कधीतरी पायरी चुकेल. मग गाडी. मग त्यांनाही कोणीतरी सांगेल — वय झालं सर, हळू चालवा.

संध्याकाळी पप्पांचा फोन. ड्रॉप टाकले म्हणाले. मग — "प्रेमराज डॉक्टर धुळ्याले येल व्हता ना? तू काही बोलनी नही ना त्याले? चांगला मानूस शे तो."

"नाही पप्पा. एक शब्द नाही."

"शहाणी पोर."

फोन ठेवल्यावर जेवले नाही. भूक नव्हती, बाकी काही नाही.

१३ फेब्रुवारी

ओपीडीत आज प्रत्येकाचा कॉर्निया मोजला. चष्म्याच्या नंबरसाठी आलेल्यांचापण! सारिका मॅडम वैतागल्या, "समीक्षा, रांग बघ बाहेर!" बघितली. तरी मोजत राहिले.

१६ फेब्रुवारी, रविवार

सरांचा फोन. मॅडमनी मशीनमधे त्यांचा स्कॅन बघितला आणि कळवलं. आवाज अगदी बारीक. "तू देवचंदची मुलगी ना? मॅडमनी सांगितलं. अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. त्या गर्दीत तुझं लक्ष गेलं नसेल. माझंही तुझ्या पप्पांच्या वेळी गेलं नाही. उद्या मेहरूणला तुमच्या घरी येतोय, त्यांची माफी मागायला. तूपण ये."

मी "हो सर" म्हटलं.

त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. माझं गेलं होतं! उद्या ते पप्पांसमोर हात जोडणार आणि मी चहाचा ट्रे घेऊन शेजारी उभी राहणार? की मीही तिथेच बोलून टाकू, दोघांसमोर? तुला काय वाटतं?