बुटांचा एक जोड कमी

कीर्ती,

तू रात्रपाळीहून येऊन नुकतीच झोपलीस, म्हणून उठवलं नाही. तुझे पांढरे बूट न विचारता नेते आहे. संध्याकाळी पुसून जागेवर ठेवीन. दूध तापवलंय. टँकर आला तर घागरी तेवढ्या भर.

आज आठवीच्या मुलींना श्रीपेरुंबुदूरला मोटारींचा कारखाना दाखवायचाय. पायात बूट नसतील तर आत सोडत नाहीत, हे कंपनीने काल शाळा सुटताना कळवलं. आमच्या कॉर्पोरेशनच्या शाळेत सगळ्या चपलांवर येतात. हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, "ज्यांना मिळणार नाहीत त्यांनी बसमध्ये बसायचं." मग मी बिल्डिंगभर बूट मागत फिरले. मोठे होतील त्यांत कापूस कोंबीन. पण तुझे-माझे धरूनही एक जोड कमी पडतो.

आपला बंद पडलेला टेबलफॅन खोलून परत जोडणारी सेल्वी आठवते ना? मोटारीला दार कसं बसवतात ते बघायचं म्हणून तीच माझ्या मागे लागली होती. काल तिनेच आपणहून हात वर केला. "मी बसते मिस. बस आतपर्यंत जाते ना? खिडकीतून दिसेल की."

बस फाटकाबाहेरच थांबते. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तनया